घरोघरी त्याच पळ्या

१९८० सालच्या दोन गोष्टी आहेत. त्या वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बारूज बेनासेराफ, जाँ दोसे आणि जॉर्ज स्नेल या तीन शास्त्रज्ञांना मिळाले. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही खास रेणू असतात. ते कसे असावेत हे जनुके ठरवतात आणि त्यांच्या आधारे शरीर ‘आपला कोण, परका कोण’ हे ओळखते. या रेणूंच्या शोधाबद्दल हा सन्मान होता.

त्याच वर्षी न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, चॅथम नावाच्या वाऱ्यापावसाने झोडपलेल्या बेटांवर, वन्यजीव खात्याचे कर्मचारी ब्लॅक रॉबिन नावाचा पक्षी मोजत होते. आपल्याकडच्या चिरकाची आठवण व्हावी असा हा काळाभोर, जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा पक्षी. नात्याने मात्र चिरकापासून लांबचा. मोजणी संपायला फार वेळ लागला नाही. साऱ्या जगात पाच ब्लॅक रॉबिन उरले होते आणि त्यांत पिल्ले होतील अशी जोडी एकच होती.

आज त्या पाचांचे अडीचशे-तीनशे झाले आहेत. पक्षी वाचवण्याच्या इतिहासात याहून मोठा चमत्कार क्वचितच सापडेल. पण त्या तिघा नोबेल विजेत्यांनी ज्या जनुकांचा माग काढला, ती जनुके या पक्ष्यांत तपासली गेली तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. ती समजून घ्यायची तर आधी आपल्याच शरीरात डोकवावे लागेल.

शितावरून भाताची परीक्षा

विषाणू पेशीच्या आत शिरला की बाहेरून दिसत नाही. मग रक्तातून फिरणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे आपल्या संरक्षक पांढऱ्या पेशींना, कोणत्या घरात चोर शिरला आहे हे कसे कळते? आपली जवळपास प्रत्येक पेशी आत शिजत असलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत दाराशी आणून दाखवत असते. टी-पेशी ते तुकडे तपासते. ओळखीचे असतील तर पुढे जाते, परके असतील तर त्या पेशीचा निकाल लावते. शितावरून भाताची परीक्षा, ती हीच.

पण ते शीत दाराशी आणायला पळी लागते. ती पळी म्हणजे हे खास रेणू. शास्त्रीय भाषेत त्यांच्या जनुकसमूहाला एमएचसी म्हणतात. माणसातल्या या समूहाला एचएलए असे वेगळे नाव आहे. आता पळीचा आकार महत्त्वाचा. झाऱ्याने रस्सा वाढता येत नाही आणि खोल पळीने भजी काढता येत नाहीत. तसेच एका आकाराच्या एमएचसी रेणूत काही विषाणूंचे तुकडे नेमके बसतात, दुसऱ्या विषाणूंचे बसतच नाहीत. तुकडा बसला नाही, तर तो दाराशी येत नाही. दाराशी आला नाही, तर टी-पेशीला त्याचा पत्ता लागत नाही. बाकीची सगळी फौज तयार असूनही उपयोग शून्य.

म्हणून निसर्गाने दोन प्रकारे तजवीज केली आहे. पहिली, एका शरीरात अनेक पळ्या. माणसात या रेणूंच्या एका मुख्य प्रकाराची तीन जनुके असतात. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे जास्तीत जास्त सहा वेगवेगळ्या पळ्या. दुसरी तजवीज याहून महत्त्वाची. शेजाऱ्याच्या घरातल्या पळ्या माझ्याहून वेगळ्या असतात. माणसांत एचएलए जनुकांच्या तीस हजारांहून अधिक आवृत्त्या आजवर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या शरीरात इतके वैविध्य दुसऱ्या कोणत्याही जनुकसमूहात नाही.

या वैविध्याचा आम्हा डॉक्टरांना एरवी त्रासच होतो. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला अस्थिमज्जा द्यायची असते, तेव्हा एचएलए जुळणारा दाता शोधता शोधता नातेवाइकांच्या तोंडचे पाणी पळते. सख्ख्या भावाबहिणीचे जुळण्याची शक्यतासुद्धा चारात एक. ‘डॉक्टर, रक्ताचं नातं आहे, तरी जुळत नाही?’ हा प्रश्न अशा कुटुंबाकडून हमखास येतो. पण जे वैविध्य दाता मिळू देत नाही, तेच साथीत माणूसजातीला तारते. एखादा नवा विषाणू आला तर तो काहींना गाठतो, काहींना जबर गाठतो आणि काहींच्या पळीत त्याचा तुकडा असा चपखल बसतो की त्याचे फारसे चालत नाही.

याचे पुरावे आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचएलए-बी५३ ही आवृत्ती असलेल्या मुलांना गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळत असल्याचे दिसले. मलेरियाच्या त्या प्रदेशात ही आवृत्ती पुष्कळ आढळते, इतरत्र विरळ. एचआयव्हीच्या बाबतीत बी५७ ही आवृत्ती असणाऱ्या अनेकांत आजार फार संथपणे पुढे सरकतो. आणि १९९९ मधल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्यांना आई आणि वडील दोघांकडून एकाच आवृत्त्या मिळाल्या होत्या, ते वेगवेगळ्या आवृत्त्या मिळालेल्यांपेक्षा लवकर एड्सच्या टप्प्याला पोचले. पळ्या कमी, तर विषाणूचे काम सोपे.

पक्ष्यांतही तेच. कोंबडीतल्या एमएचसीची एक विशिष्ट आवृत्ती, बी२१, असली की मॅरेक्स नावाच्या विषाणूजन्य आजाराला कोंबडी चांगली तोंड देते, हे कुक्कुटपालनातल्या संशोधकांना १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे.

ओल्ड ब्लूची लेकरे

आता पुन्हा चॅथम बेटांकडे वळू. युरोपीय लोकांच्या जहाजांबरोबर तिथे उंदीर आणि मांजरे आली. जमिनीलगत वावरणाऱ्या, शत्रूची सवय नसलेल्या ब्लॅक रॉबिनचा त्यांच्यापुढे टिकाव लागला नाही. एकोणिसावे शतक संपेपर्यंत तो मोठ्या बेटांवरून नाहीसा झाला. उरला तो फक्त लिटल मांगेरे नावाच्या, समुद्रातून सरळ वर आलेल्या एका कड्यावरच्या झाडीत. तिथे वीस-तीस पक्ष्यांनी जवळपास शतकभर तग धरला. पुढे ती झाडीही विरळ होऊ लागली. १९७६ साली सात पक्षी उरले, तेव्हा त्यांना पकडून शेजारच्या मांगेरे बेटावर नेण्यात आले. तिथे त्यांच्यासाठी एक लाख वीस हजार झाडे लावली गेली होती. तरीही १९८० मध्ये संख्या पाचवर आली.

त्या पाचांत एक मादी होती. पायात निळे कडे होते, म्हणून तिचे नाव पडले ओल्ड ब्लू. तिचे वय एव्हाना या पक्ष्याच्या सरासरी आयुष्याच्या पुढे गेले होते. पण पिल्ले काढण्याच्या कामी तीच एकटी आली. डॉन मर्टन या वन्यजीव अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी बेत आखला. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, ते काम इथे माणसाने हाती घेतले. ओल्ड ब्लूची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यात ठेवायची. अंडी गेली की ती पुन्हा अंडी घालते. म्हणजे एका हंगामात दुप्पट पिल्ले. आधी वॉर्बलर या पक्ष्याची घरटी वापरून पाहिली, पण त्याला ही पिल्ले शेवटपर्यंत पोसता येईनात. मग टॉमटिट या पक्ष्याने हे काम उत्तम केले. इतके उत्तम, की काही पिल्ले स्वतःला टॉमटिटच समजू लागली. त्यावर उपाय म्हणून पिल्ले उडायच्या आधी परत रॉबिनच्या घरट्यात आणून ठेवण्याची पद्धत पडली.

१९८९ पर्यंत ब्लॅक रॉबिनची संख्या शंभराच्या आसपास गेली आणि ही धावपळ थांबवण्यात आली. आज मांगेरे आणि रांगातिरा या दोन छोट्या बेटांवर जितके ब्लॅक रॉबिन आहेत, ते सारे ओल्ड ब्लूचे वंशज आहेत.

सगळ्यांच्या घरी सारखेच

२००४ मध्ये हिलरी मिलर आणि डेव्हिड लॅम्बर्ट या संशोधकांनी ब्लॅक रॉबिनच्या एमएचसी जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुलनेसाठी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा त्याचा चुलतभाऊ घेतला होता. चुलतभावात पक्ष्यागणिक फरक दिसले. ब्लॅक रॉबिनमध्ये मात्र तपासलेल्या सगळ्या पक्ष्यांचा नमुना एकच निघाला. घरोघरी त्याच पळ्या.

हे कसे झाले? हिशेब साधा आहे. एका पक्ष्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणजे एका जोडीकडे मिळून फार तर चार वेगळ्या आवृत्त्या. पिल्लाला आईकडून एक, वडिलांकडून एक मिळते आणि कोणती मिळेल हे नाणे उडवल्यासारखे. संख्या हजारोंत असेल तर नाणी दोन्ही बाजूंनी पडतात आणि सगळ्या आवृत्त्या टिकून राहतात. संख्या वीस-पंचवीस असेल तर दर पिढीत एखादी आवृत्ती निव्वळ दुर्दैवाने गळते. ती वाईट होती म्हणून नव्हे, तर जिच्याकडे ती होती त्या मादीचे घरटे त्या वर्षी वादळात गेले म्हणून. लिटल मांगेरेच्या कड्यावर हे शतकभर चालले होते. बरेचसे नुकसान बहुधा ओल्ड ब्लूच्या जन्माआधीच झालेले असावे. तिच्या काळात उरलीसुरली शिल्लकही गेली.

रोगांशी झुंजताना उपयोगी पडणारे वैविध्य निसर्ग मुद्दाम जपतो, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण त्यासाठी मोठी संख्या लागते. फार थोडे जीव उरले की नशिबाचा हात निसर्गाच्या निवडीपेक्षा वरचढ ठरतो. मिलर आणि लॅम्बर्ट यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता.

मग हे पक्षी जिवंत कसे? दोन कारणे संभवतात. गाणाऱ्या पक्ष्यांत एमएचसी जनुकांच्या अनेक प्रती असतात. त्यामुळे एकेका रॉबिनच्या घरी पळ्यांचा दुष्काळ नाही. अडचण इतकीच, की शेजाऱ्याकडे तोच संच आहे, त्याच्या शेजाऱ्याकडेही तोच. दुसरे कारण असे, की इतक्या आडबाजूच्या बेटांवर जबर साथीची परीक्षाच अजून झालेली नाही. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी नापास झालेला नसतो, पण त्यावरून त्याला उत्तीर्ण म्हणता येत नाही.

छोटीशी चाचणी दुसऱ्या एका बेटावर झाली आहे. मोटुआरा या न्यूझीलंडमधल्या बेटावर १९७३ साली फक्त पाच साधे रॉबिन सोडले गेले. त्यांची प्रजा वाढून कित्येक पटींनी झाली. २००७ च्या सुमारास संशोधकांनी या पक्ष्यांच्या पंखाच्या कातडीत राजम्यापासून मिळणारे एक प्रथिन टोचले आणि किती सूज येते ते मोजले. क्षयरोगासाठी आपण हातावर मांटू चाचणी करतो, काहीशी तशीच ही. सूज म्हणजे टी-पेशी जागेवर धावून आल्याची खूण. ज्या मूळ वस्तीतून हे पाच पक्षी आणले होते, तिथल्या रॉबिनपेक्षा मोटुआराच्या रॉबिनना सूज कमी आली. संख्या भरून निघाली होती, पण प्रतिकाराची धार भरून आलेली नव्हती.

काठावरची अंडी

ब्लॅक रॉबिनच्या गोष्टीत एक उपकथानक आहे आणि जनुकांचे वैविध्य म्हणजे काय हे त्यातून फार छान कळते. १९८४ च्या सुमारास काही माद्या अंडी घरट्याच्या खळग्यात न घालता काठावर घालू लागल्या. काठावरचे अंडे उबत नाही, फुकट जाते. एकेक अंडे मोलाचे असल्यामुळे कर्मचारी ते हलकेच आत ढकलत. त्या अंड्यांतून पिल्ले होत, मोठी होत आणि त्यांतल्या मुलीही काठावर अंडी घालत. ही खोड जनुकांतून उतरत होती. १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्यांना ही खोड लागली. तेव्हा माणसाने हात आखडता घेतला. काठावरची अंडी पुन्हा फुकट जाऊ लागली, खोडीचे जनुक मागे पडू लागले आणि २०११ पर्यंत अशा माद्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले.

निसर्गाला इथे स्वतःची दुरुस्ती करता आली, कारण वाईट आवृत्तीबरोबर चांगली आवृत्तीही शिल्लक होती. निवड करायला किमान दोन गोष्टी लागतात. एमएचसीच्या बाबतीत ब्लॅक रॉबिनकडे ती सोय नाही. उद्या असा एखादा विषाणू आला, की ज्याचा तुकडा त्यांच्या कोणत्याच पळीत बसत नाही, तर बेटावरच्या सगळ्या पक्ष्यांची अवस्था एकाच वेळी सारखी असेल. वाचतील असे चार-दोन शोधून पुढची पिढी त्यांच्यावर उभी करावी, तर तसे वेगळे कोणी असणारच नाहीत.

डास आपल्या ओळखीचा

आडबाजूच्या बेटावर रोग पोचला तर काय होते, याचे उदाहरण हवाई बेटांवर आहे आणि त्यातला खलनायक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. गटारात, तुंबलेल्या शोषखड्ड्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स डास. विदर्भातल्या ज्या गावांत हत्तीरोगासाठी कर्मचारी रात्री घरोघर फिरून रक्तनमुने घेतात, तिथे या डासाची वेगळी ओळख करून द्यायला नको. नेमकी हीच जात १८२६ साली एका जहाजातल्या पाण्याबरोबर हवाईत उतरली, असे मानले जाते. त्याआधी त्या बेटांवर डास नव्हतेच. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. हा जंतू माणसाला होत नाही. पण तिथल्या हनीक्रीपर कुळातल्या पक्ष्यांना त्याची जराही ओळख नव्हती. पन्नासहून अधिक जातींचे हे कुळ आज सतरा जातींवर आले आहे. अधिवास गेला, उंदीर-मांजरे आली, ही कारणे आहेतच. पण मलेरियाचा वाटा मोठा आहे.

यातला शेंदरी-लाल इइवी प्रयोगशाळेत बाधित डासाच्या एका चाव्याने दहातले नऊ दगावतो. म्हणून तो आता डोंगराच्या थंड माथ्यावरच उरला आहे, जिथे डास पोचत नाही. हवा तापते आहे तसा डास दर वर्षी वर सरकतो आहे. याउलट अमाकिही नावाचा हिरवट-पिवळा भाऊबंद खालच्या, डासांनी भरलेल्या जंगलांत पुन्हा दिसू लागला आहे. त्याच्या रक्तात मलेरियाचे जंतू असतात, पण तो त्यांच्यासह जगतो. त्याच जातीचे डोंगरावरचे पक्षी मात्र बाधेने कितीतरी जास्त मरतात. खालच्या पक्ष्यांची जनुके पाहता असे दिसते, की डोंगरावरचे पक्षी खाली उतरून कणखर झाले असे नव्हे. खालच्या जंगलांच्या कोपऱ्यांत मूळचेच काही पक्षी तग धरून होते, त्यांचीच प्रजा वाढली. म्हणजे साथ आली तेव्हा या जातीच्या भात्यात कुठेतरी उपयोगी पडणारी जनुके होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. इइवीची संख्याही काही पाच-पन्नास नाही, लाखांत आहे. तरीही त्याला असा मार्ग सापडलेला नाही. म्हणजे वैविध्याने शक्यता मिळते, खात्री मिळत नाही. पण वैविध्यच नसेल तर शक्यताही नाही.

मग करायचे काय?

रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवता येत नसेल तेव्हा डॉक्टर काय करतो? पहिले काम, नवे रक्त मिळते का पाहतो. पक्ष्यांच्या बाबतीत याचा अर्थ दुसऱ्या वस्तीतले पक्षी आणून मिसळणे. न्यूझीलंडच्याच काकापो या न उडणाऱ्या पोपटाबाबत हे जमले. १९९५ साली ५१ काकापो उरले होते. जवळजवळ सगळे एका बेटावरून आलेले. त्यांत एकच नर मुख्य भूमीवरच्या फिओर्डलँडचा होता, १९७५ मध्ये सापडलेला. त्याच्या पिल्लांनी वेगळी जनुके पुढे नेली. आता जवळपास सगळ्या काकापोंचे पूर्ण जनुकसंच वाचून काढले आहेत आणि कोणाची जोडी कोणाशी जमावी हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो. आपल्याकडे थोरली मंडळी सोयरीक जुळवताना गोत्र पाहतात, त्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्ती म्हणा ना. ब्लॅक रॉबिनला मात्र ही सोय नाही. मिसळायला दुसरी वस्ती जगात कुठेच नाही.

दुसरे काम, लस. २०२३ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूने अ‍ॅरिझोना-युटा भागातले २१ कॅलिफोर्निया कॉन्डॉर मेले. हे प्रचंड गिधाड १९८२ साली २२ वर येऊन ठेपले होते आणि तिथून कष्टाने वाढवले होते. त्या मृत्यूंचा दोष जनुकांच्या तुटवड्याला देता येणार नाही. हा विषाणू कुणालाच सोडत नाही. पण चाळीस वर्षांची मेहनत काही आठवड्यांत कशी धोक्यात येते, हे त्यातून दिसले. त्यानंतर कॉन्डॉरना लस टोचायला परवानगी मिळाली. न्यूझीलंडनेही आपल्या काही दुर्मीळ पक्ष्यांवर या लसीची चाचणी घेतली. हवाईत वेगळाच उपाय चालू आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास २०२३ पासून हेलिकॉप्टरमधून जंगलात सोडले जात आहेत. त्यांच्या अंगात वोलबाकिया नावाचा जिवाणू असा असतो, की त्यांच्याशी संग झालेल्या रानातल्या मादीची अंडी उबत नाहीत. नर डास चावत नाहीत, त्यामुळे धोका नाही. पक्ष्याची जनुके बदलता येत नाहीत, तर डासांची संख्या घटवायची, असा हा हिशेब आहे.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. आपला माळढोक आज देशभरात मिळून शे-दीडशेच्या घरात आहे. सोलापूर जिल्ह्यातले नान्नज एकेकाळी त्याच्या नावाने ओळखले जायचे, आता तिथे तो दिसला तर बातमी होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या वेगवेगळ्या भागांतले ६३ नमुने तपासले गेले. आईकडून उतरणाऱ्या डीएनएच्या एका पट्टीत त्यांत फक्त तीन प्रकार आढळले. ही प्रतिकाराची जनुके नव्हेत, पण भांडार आटल्याची खूण नक्कीच आहे. जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे. तिथे किती पिल्ले झाली हा आकडा बातमीत येतो आणि यायलाच हवा. त्याच्या जोडीला, ती पिल्ले किती वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत हाही आकडा विचारला पाहिजे. पाच आईबापांची शंभर पिल्ले आणि तीस आईबापांची शंभर पिल्ले, हे कागदावर सारखे दिसले तरी साथीच्या दिवशी सारखे नसतात. आणि माळावर अजून जे पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात, त्यांच्याबरोबर जाणारी आवृत्ती नंतर कोणत्याही केंद्रात तयार करता येत नाही.

राहिला ब्लॅक रॉबिन. नवे रक्त नाही, कोणता रोग येईल ते माहीत नाही, मग लस कशाची द्यायची? अशा वेळी वैद्यकात एकच मार्ग उरतो आणि तो सगळ्यांत जुना आहे. अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णाला आपण वेगळ्या खोलीत ठेवतो. भेटायला येणाऱ्यांना अडवतो, फुले-फळे आत नेऊ देत नाही आणि दारावर ‘हात धुऊनच आत यावे’ अशी पाटी लावतो. रांगातिरा बेटावर हेच चालते. परवानगीशिवाय कुणी उतरू शकत नाही. जाणाऱ्याच्या सामानाची कसून तपासणी होते, उंदीर, किडे, बी-बियाणे आत जाऊ नये म्हणून बूटसुद्धा साफ करावे लागतात. जमिनीत समुद्रपक्ष्यांची बिळे इतकी दाट आहेत, की ती पायाखाली कोसळू नयेत म्हणून चालताना पायाला फळ्या बांधतात.

वरवर पाहता हा सगळा अतिरेक वाटेल. पण जिथे घरोघरी त्याच पळ्या आहेत, तिथे त्या बुटाला चिकटून आलेला चिखलाचा एक गोळा पुरेसा ठरू शकतो. वॉर्डाच्या दारावरच्या पाटीकडे दुर्लक्ष करून आत जाऊ पाहणाऱ्या नातेवाइकांना मी जे सांगतो, तेच त्या बेटावरही लागू आहे. आतल्याला काही करता येण्यासारखे उरलेले नाही, जे करायचे ते बाहेरून येणाऱ्यानेच.